टायर मोठे, ॲव्हरेज खोटे

किलोमीटर आले, लिटर आले, किलो आले, तरी मराठी माणसाने इंच तीन ठिकाणी जपून ठेवला होता: कंबर, टीव्ही आणि पाऊस. गेल्या काही वर्षांत त्यात चौथ्या गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे टायर. १५ ऑगस्ट २०२० रोजी महिंद्राने नवी थार दाखवली. नाशिकच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्या पुण्या-मुंबईच्या पार्किंगमध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि एरवी मेंटेनन्सच्या थकबाकीखेरीज एकमेकांशी न बोलणारे सभासद एकमेकांना विचारू लागले, "तुमचे किती?" "तेहतीस." "मी पस्तीस टाकतोय." कंबर दोन इंच वाढली की माणूस शर्ट बाहेर काढतो, टायर दोन इंच वाढला की स्टेटसला फोटो टाकतो.

या मंडळींना काहीही विचारावं. लिफ्ट किट विचारावं, विंच विचारावी, छतावरच्या शिडीचं प्रयोजन विचारावं. तासभर उत्तर मिळतं. फक्त एक प्रश्न विचारू नये, आणि नेमका तोच आपल्या तोंडात जन्मतः असतो: "ॲव्हरेज किती देते हो?"

यावर तीन प्रकारची उत्तरं येतात. पहिला म्हणतो, "अशा गाडीला ॲव्हरेज विचारत नाहीत." हा माणूस सुखी आहे, त्याला सोडून द्यावं. दुसरा म्हणतो, "हायवेला चांगलं देते," आणि लांब कुठेतरी बघतो. यालाही सोडावं, त्याच्या घरी आधीच चौकशी चालू असते. तिसरा मात्र मोबाइल काढून आकडे दाखवतो. "आधी बारा द्यायची, पस्तीस इंच टाकल्यापासून नऊवर आली. पण क्राऊन-पिनियन बदलले की येईल परत." हा तिसरा माणूस मला सगळ्यांत आवडतो. साऱ्या टायरभक्तांत हिशेब केलाय तो त्यानेच, आणि तोही साफ चुकलाय.

त्याची चूक पकडायला टायरच्या कडेला काय लिहिलंय ते वाचावं लागतं. नव्या थारच्या वरच्या मॉडेलला २५५/६५ आर १८ टायर येतात. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीच्या उंचीचा, रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा रिमचा, इंचांत. एका ओळीत तीन मापं, आणि तिन्ही एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायला लावली की २५५चे ६५ टक्के म्हणजे १६६ मिलिमीटर, वरची आणि खालची भिंत मिळून ३३२, त्यात १८ इंचांच्या रिमचे ४५७. एकूण ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच. असं चाक एका फेऱ्यात जवळजवळ २.४८ मीटर जातं. पस्तीस इंची चाक ८८९ मिलिमीटरचं. ते एका फेऱ्यात २.७९ मीटर जातं. फरक पावणेतेरा टक्क्यांचा.

हा फरक मालकाला माहीत असतो, टायरवाल्याला माहीत असतो, शेजाऱ्यालाही माहीत असतो. गाडीला कोणी सांगत नाही. गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो आणि कारखान्यात शिकवलेल्या आकड्याने गुणतो. तो बिचारा अजून ३१ इंचांत जगतोय. त्यामुळे मीटरवर १०० किलोमीटर पडतात तेव्हा गाडी जवळपास ११३ किलोमीटर गेलेली असते. आता आपल्या तिसऱ्या गृहस्थांचा हिशेब पुन्हा मांडू. मीटरवर ४५० किलोमीटर, टाकीत गेलं ५० लिटर, म्हणून नऊचं ॲव्हरेज. प्रत्यक्षात गाडी गेली ५०७ किलोमीटर. म्हणजे ॲव्हरेज दहाच्या थोडं वरच. गेलेल्या तीन किलोमीटरांपैकी एक कुठे गेलाच नव्हता, मीटरने तो लिहिला नव्हता एवढंच. निम्म्या वेळा माणूस डिझेलच्या नावाने रडतो तेव्हा तो खरं तर भूमितीच्या नावाने रडत असतो.

मीटरची ही झोप इतर ठिकाणीही गंमत करते. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी त्याहून बरीच पुढे असते. कंपनीचे काटे मुळात थोडं जास्तच दाखवतात, कारण खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला नियमांत परवानगी नाही. मोठा टायर ती सारी गंगाजळी पहिल्याच दिवशी खाऊन टाकतो. पुणे-मुंबई द्रुतगती महामार्गावर सपाटीला मोटारींची मर्यादा १०० आहे. मालक काट्याकडे बघून सज्जनपणे चाललेला असतो, आणि कॅमेऱ्याला टायरच्या मापात काडीचा रस नसतो. दहा हजार किलोमीटरची सर्व्हिसिंग खरं तर सव्वाअकरा हजारांना होते. आणि गाडी विकताना मीटरवर ४५,००० दिसत असले तरी ती ५०,००० ओलांडून गेलेली असते. मीटर मागे फिरवणारे पूर्वी रात्री चोरून यायचे. आता तेच काम टायर दिवसाढवळ्या करतात, आणि त्याची पावतीही मिळते.

तर एक किलोमीटर सापडला. उरलेले दोन मात्र खरोखर गेलेत. त्यांची चोरी कोणी केली?

पहिला संशयित गिअर. पार्किंगमधल्या न्यायालयाने त्याला आधीच दोषी ठरवलंय, म्हणून त्याचीच उलटतपासणी नीट घ्यायला हवी. चाक पावणेतेरा टक्क्यांनी वाढलं की गाडीचा प्रत्येक गिअर तेवढाच लांबतो. पाचवा सहाव्यासारखा वागायला लागतो आणि सहावा शोभेपुरता उरतो. आता यातली मेख बघा. लांब गिअर म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी, आणि फेरे कमी म्हणजे साधारणपणे डिझेल कमी. गाड्यांना सहावा गिअर देतात तो याचसाठी. नुसत्या कागदावर पाहिलं तर मोठ्या टायरने ॲव्हरेज वाढायला हवं! काही जण हा कागद बायकोला दाखवतातही. पण कागदाला घाट नसतो. खंडाळ्याचा चढ लागला की त्या लांबलेल्या गिअरमध्ये इंजिनाचा दम टर्बो जागा व्हायच्या आतच संपतो. मग पाय खाली, गिअर खाली, पुन्हा पाय खाली. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्स चौथा की पाचवा, पाचवा की चौथा असं लोणावळ्यापर्यंत ठरवतच राहतो. इंजिन ज्या फेऱ्यांत कमी पिऊन जास्त ओढतं, तिथे त्याला राहूच दिलं जात नाही. म्हणजे गिअर दोषी आहे, पण अर्धाच.

यावरचा इलाज म्हणजे ॲक्सलच्या हाऊसिंगमधले क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकांना फिरवणारी शेवटची गिअरजोडी, बदलणं. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला ११ असले तर प्रमाण ३.७३. पिनियनला १० केले तर ४.१०, आणि ९ केले तर ४.५६. पिनियनचा एकेक दात कमी होतो आणि खर्चाच्या अंदाजाला एकेक शून्य वाढतं. हिशेब सोपा आहे: जुनं प्रमाण गुणिले नवा टायर भागिले जुना टायर. मूळ प्रमाण ३.७३ धरलं तर ३१वरून ३५ला जाताना ४.२० यायला हवं. ते बाजारात मिळत नाही, म्हणून ४.१० घ्या किंवा ४.५६. ४.१० घेतलं तर थोडा दम कमीच राहतो. ४.५६ घेतलं तर घाटात गाडी हुशार होते, पण सपाट हायवेला इंजिन मूळच्यापेक्षा आठ-नऊ टक्के जास्त फिरतं, आणि जास्त फिरणारं इंजिन पाणी पिऊन फिरत नाही.

टायर आणि गिअर हा जोडीचा मामला आहे हे कंपन्यांना कळतं. आपल्या रांजणगावात जोडली जाणारी जीप रँग्लर रुबिकॉन घ्या. अमेरिकेत ३३ इंची टायर आणि ४.१० हा तिचा नेहमीचा जोड. २०२१मध्ये तिथे जीपने कारखान्यातूनच ३५ इंची टायर द्यायला घेतले, तेव्हा त्याच पॅकेजात ४.५६चे गिअरही दिले. टायरांचे वेगळे पैसे आणि गिअरांचा विषय पुढच्या दिवाळीला, असं केलं नाही. आपल्याकडे टायर ही दसऱ्याची खरेदी असते आणि गिअर ही पश्चात्तापाची.

शिवाय फोर बाय फोर गाडीला हाऊसिंग दोन. मागचं बदललं तर पुढचंही बदलावंच लागतं. नाहीतर फोर व्हीलचा दांडा टाकताक्षणी पुढची चाकं एक वेग मागतात आणि मागची दुसरा, आणि हे भांडण मधला ट्रान्सफर केस स्वतःचे दात देऊन मिटवतो. "पुढचं नंतर बघू" म्हणणाऱ्याची गाडी त्यानंतर फक्त टू व्हील ड्राइव्हमध्ये चालते. तशीही ती त्यातच चालत असते, हा भाग वेगळा.

हे काम होताना एकदा बघावं. गॅरेजवाला खाली बसून क्राऊनच्या पाच-सहा दातांना रंग फासतो, हाताने दोन्ही बाजूंना फिरवतो आणि बॅटरीच्या उजेडात दातांवर उमटलेला ठसा बघतो. ठसा दाताच्या मधोमध आला तर ठीक. टोकाला किंवा बुडाला सरकला तर सगळं पुन्हा खोलायचं, कागदाइतक्या पातळ पत्र्याची एक शिम काढायची किंवा घालायची, पुन्हा जोडायचं, पुन्हा रंग. शेजारी मालक उभा असतो. त्याला ठशातलं काही कळत नाही, पण सोनाराच्या दुकानात काट्याकडे बघावं तसा तो मान पुढे काढून बघतो आणि विचारतो, "मग ॲव्हरेज किती वाढेल?" गॅरेजवाला मान वर न करता म्हणतो, "आधी आवाज येऊ नये म्हणा, साहेब." कारण शिम चुकली की हाऊसिंग ऐंशीच्या वेगाला असं बोंबलतं की आतले लोक एकमेकांशी बोलणं सोडून देतात.

गिअर बदलले की परत येतं ते काय? क्लचचं आयुष्य परत येतं. चढावर गाडी उचलते. लो रेंजमध्ये दगडावरून मुंगीच्या पावलाने उतरता येतं, आणि खरं तर हे गिअर त्यासाठीच असतात. १९४०च्या दशकाच्या शेवटी महिंद्राने मुंबईत विलिस जीपा जोडायला घेतल्या. त्या विलिसच्या युद्धातल्या जीपला ४.८८चे गिअर होते. युद्ध संपून ती शेतकऱ्यासाठी आली तेव्हा तेच ५.३८ केले, कारण आता तिला नांगर ओढायचा होता. वेग शंभरीलाही टेकत नसे. तिला ॲव्हरेज कोणी विचारलं नाही, कारण नांगरटीचं ॲव्हरेज किलोमीटरमध्ये काढत नाहीत. गिअर ओढण्यासाठी असतात. त्यांच्याकडून डिझेलची भरपाई मागणं चूक आहे. ते डिझेल ज्यांनी पळवलं, ते संशयित अजून मोकळेच आहेत.

त्यांतला दुसरा म्हणजे वजन. पस्तीस इंची मड टायर रिम सोडून तीस किलोच्या आसपास भरतो. "चार टायर मिळून वाढणार किती? एक माणूस जास्त बसला असं समजू," असं मालक म्हणतो. तसं समजता येत नाही. सिंहगड चढताना पाठपिशवीत किलोभर पेढे असले तर ते कळतही नाहीत. तेच अर्धा-अर्धा किलो दोन्ही बुटांत भरून चढून बघा. टायरचं वजन काठावर असतं, आणि काठावरचा प्रत्येक किलो पुढेही ढकलावा लागतो आणि फिरवावाही लागतो, म्हणजे सिग्नलहून निघताना तो जवळजवळ दुप्पट भरतो. कर्वे रस्त्यावर असे सिग्नल किती आहेत हे मी सांगायला नको. दर सिग्नलला ही चार जाती नव्याने फिरवायची आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबून ती सारी मेहनत गरम करून फेकून द्यायची.

तिसरा संशयित नक्षी. मड टायरचे ते वीतभर गठ्ठे चिखलात खरोखर कामाला येतात. डांबरावर मात्र प्रत्येक गठ्ठा फेऱ्याला एकदा दबतो, वाकतो, पुन्हा उठतो आणि त्यात गरम होतो. ती उष्णता कुठून आली, हे टाकीला विचारावं. तिचा थोडा भाग आवाज होऊन बाहेर पडतो. म्हणून अशी गाडी हायवेला गेली की मागून विमान येतंय असं वाटतं.

चौथा संशयित वारा. टायरने गाडी दोन इंच वर गेली, लिफ्ट किटने आणखी दोन. खोक्यासारखी गाडी आता उंच खोक्यासारखी झाली. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०ची १०० केली की तो दीडपटीच्याही वर जातो. त्यात छतावरचा कॅरिअर, त्यावर दिव्यांची पट्टी आणि लोखंडी बंपर. बाजूला डिझेलचा वीस लिटरचा कॅन असतोच, कारण ॲव्हरेज कमी झालंय. कॅनच्या वजनाने ते आणखी थोडं कमी होतं, म्हणून दुसरा कॅन. ज्या गाडीने मुळशीचं धरण फक्त हॉटेलच्या गच्चीवरून पाहिलंय, तिला पाण्यात श्वास घ्यायला स्नॉर्केल असतो.

लिफ्ट किटचा आणखी एक विनोद आहे. त्याने गाडीचं अंग वर जातं, पण सलग ॲक्सल असेल तर हाऊसिंगचा तो गोळा जमिनीपासून आहे तिथेच राहतो. त्याला उचलतो फक्त टायर, आणि तोही व्यासाच्या वाढीच्या निम्माच. चार इंच विकत घ्यायचे आणि दोन इंच पदरात पाडून घ्यायचे. एवढा तोटा तर फ्लॅटच्या बिल्ट-अप आणि कार्पेटमध्येही होत नाही.

तरीही मोठ्या चाकाची बाजू मांडायलाच हवी. मऊ जमिनीवर मोठं चाक खरंच सोपं जातं. ते खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर सहज चढतं. २०२४च्या अखेरीस रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी वाळूत रुतली आणि तिला शेवटी बैलगाडीने ओढून काढलं, ते चित्र देशभर फिरलं. तिथे जिंकली ती उंच चाकं आणि दोन बैलांचा लो रेंज. बैलगाडीवाल्याने चाकाचा व्यास ठरवताना शेजाऱ्याकडे बघितलं नव्हतं, रस्त्याकडे बघितलं होतं. ज्याला खरोखर कोकणातल्या ओढ्यांतून, मावळातल्या चिखलातून रोज जायचंय त्याने टायर वाढवावेत, गिअर बदलावेत आणि डिझेलचा विचार करू नये. त्याचा पैसा वसूल आहे. प्रश्न आहे तो ऑफिस ते घर, घर ते मॉल आणि शनिवारी लोणावळ्याला मका खायला जाणाऱ्यांचा.

कायद्याचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो काढला की गप्पा थांबतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीत कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्टच सांगितलं. चाक मडगार्डच्या बाहेर येऊन रस्त्याला खांदे दाखवू लागलं की दंड, वॉरंटी आणि विमा या तिन्ही आघाड्यांवर उत्तरं द्यावी लागतात. अपघातानंतर विम्याचा माणूस येतो तेव्हा तोही टेप घेऊनच येतो. इंच त्यालाही कळतात.

पाचवा संशयित सगळ्यांत साधा, म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही: हवा. वाळूत किंवा चिखलात जाताना टायरची हवा १८-२० पौंडांवर आणतात. टायर पसरतो, पकड मिळते. हे शास्त्र बरोबर आहे. फक्त परत येताना ती भरायची असते. रविवारी काशीदला काढलेली हवा बुधवारपर्यंत तशीच घेऊन हिंजवडीला जाणारे लोक आहेत, आणि तेच गुरुवारी गॅरेजवाल्याला विचारतात की क्राऊन-पिनियनचा खर्च किती.

तेव्हा निकाल असा. तीन किलोमीटरांपैकी एक मीटरने हरवला होता, तो फुकट परत मिळाला. उरलेल्या दोनांत गिअरचा हात थोडा. बाकीचं वजन, रबर, वारा आणि हवा यांनी वाटून घेतलं. गिअर बदलून गाडीचा दम परत येतो, डिझेल येत नाही. ज्यांना डांबरावरच राहायचंय त्यांनी कंपनीचे टायर ठेवावेत. ज्यांना वाढवायचेच आहेत त्यांनी आधी जुन्या टायरवर टाकी फुल्ल ते फुल्ल करून खरं ॲव्हरेज वहीत लिहून ठेवावं, नवे टायर बसल्यावर मोबाइलच्या जीपीएसवर किलोमीटर मोजून मगच तुलना करावी, आणि गिअरसाठी पैसे बाजूला काढल्याशिवाय टायरवाल्याकडे जाऊ नये. बाकी काही जमलं नाही तरी दर पंधरा दिवसांनी हवा तपासा. डिझेल महाग आहे, हवा पंपावर अजून फुकट मिळते.